सुकटीच्या पिशवीतलं बंडल

मंगळवार, १४ नोव्हेंबर १९९५
पनवेल

अजून अंगाची आग होतेय. करंजा गावचा काका, बाबांचा सख्खा धाकटा भाऊ, आज त्यांना बघायला आला आणि सुकटीच्या पिशवीत बिडीचं बंडल लपवून आणलं! वास येऊ नये म्हणून सुकटीत. अक्कल चालते ती अशा ठिकाणी.

बाबांना घशाचा कॅन्सर. रेडिएशनचे शेक सुरू आहेत. डॉक्टरांनी बजावलंय, बिडी सुटली तर उपचार जास्त लागू पडतील. दिवाळीपासून बाबांनी एक ओढलेली नाही. माझ्यावर खेकसले, एकदा ताट ढकललं, पण ओढली नाही. आणि हा बंडल घेऊन येतो?

जाब विचारला तर म्हणाला, "आता कशाला अडवतेस पोरी? जानाऱ्याची विच्छा पुरवावी."

जाणारा कोण? माणूस खाटेवर बसून चहा पितोय आणि ह्यांनी त्याला तिरडीवर बांधलासुद्धा! पिशवीसकट काकाला घराबाहेर काढलं. आई म्हणते, वडीलधाऱ्यांशी असं बोलतात का? बोलतात. मी बोलले.

तो गेल्यावर बाबांनी मला जवळ बोलावलं. वाटलं, भावाचा अपमान केला म्हणून आता झापणार. त्यांनी उशीखालून दोन बिड्या काढून माझ्या हातात ठेवल्या. त्यांनाही सुकटीचा वास.

"परवा तुजी आत्या देऊन गेली. वडली नाय मी," बाबा म्हणाले. "सगली मला मेलेला धरूनच येतात गं. आज तू भांडलीस, तवा वाटलं, मी जगनार हाय."