न वाजलेल्या चार गिटारी

बाबा, परवा चौथी आली. कुरिअरवाल्यानं गल्लीच्या तोंडावरूनच फोन केला, "मॅडम, लंबा डब्बा हाय, आतमंदी गाडी वळून नाही राह्यली. तुमीच या." मी गेले. दोन टोकं दोघांनी धरून तो घरापर्यंत आणला. शेजारच्या काकू ओट्यावर तूर निवडत होत्या. "काय आणलं वं मास्तरीण बाई, कूलर?" मी म्हटलं, गिटार. "अजून एक?" म्हणाल्या आणि पुन्हा सुपाकडे वळल्या. या मोहल्ल्यात माझ्याबद्दल आता कुणी याहून जास्त विचारत नाही. आई गेल्यापासून घरात मी एकटीच आहे, आणि एकट्या बाईचे छंद लोक थोडे लवकर माफ करतात.

तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली, त्यामुळे हे कसं चालतं ते सांगावं लागेल. लोक घरातल्या पडून असलेल्या वस्तूंचे फोटो काढून मोबाइलवर टाकतात, आणि दोनशे कोसांवरचा माणूस ते पाहून वस्तू विकत घेतो. मी किन्हीराजाच्या शाळेत शिकवते. दुपारी खिचडी झाली, पोरं ताटल्या धुवायला गेली, की मी खुर्चीत बसून शोधायला लागते. जुनी बेस गिटार, चार तारांची, न वापरलेली. 'न वापरलेली' असं लिहिणारे निम्मे लोक थापा मारतात. मी त्यांच्याकडून दांडीचे जवळून काढलेले फोटो मागवते. पितळी पट्ट्यांवर तारांचे वळ दिसले, की नमस्कार. खाली, जिथे अंगठा टेकतो, तिथली पॉलिश मंद झाली असेल तरी नमस्कार. जळालेली मोटार उघडण्याआधी नुसत्या वासावरून तुम्ही सांगायचात ना, की कुठली गुंडाळी गेली, तसं मला आता फोटोवरून कळतं. माझ्या चारही गिटारी आल्या तेव्हा त्यांच्या तारा तेलकट कागदाच्या पुडीत होत्या. त्या कधी लावल्याच गेल्या नव्हत्या. एखाद्या दुकानाच्या माळ्यावर, नाहीतर एखाद्याच्या पलंगाखाली त्यांनी तीस-चाळीस वर्षं काढली आणि त्यांच्यातून आवाज म्हणून निघाला नाही.

असलीच का हवी, ते तुम्हाला सांगायची गरज नाही. तरी सांगते, कारण तेवढ्यासाठीच लिहायला बसले आहे.

तुमची गिटार नागपूरहून एसटीच्या टपावरून आली तेव्हा मी सातवीत होते. तुमच्या भीमगीतांच्या गायन पार्टीतल्या सगळ्यांनी हिवाळाभर पैसे जमवले होते. तुम्ही दिवसभर बस स्टँडजवळच्या दुकानात पाण्याच्या मोटारींच्या गुंडाळ्या बांधायचात आणि संध्याकाळी पार्टीत बेस वाजवायचात, तोवर दुसऱ्याची मागून आणलेली. पार्टीचा नेम होता, नवं वाद्य पहिल्यांदा वाजायचं ते जयंतीच्या सकाळी, विहारात, वंदना झाल्यावर. त्याआधी कुणी त्याला हात लावायचा नाही, ज्याचं आहे त्यानंसुद्धा. पेटीचं तसंच झालं होतं, ढोलकीचंही. जयंतीला अकरा दिवस होते. तुम्ही ती स्वयंपाकघरात धान्याच्या कोठीवर गोधडीत गुंडाळून ठेवलीत. दुकानातून येता, कोपरापर्यंत हात धुता, गोधडी उघडता, बघता, आणि परत झाकता. हाताला व्हार्निशचा वास तसाच. बोटं तारेच्या वर हलताना मी पाहिली आहेत, पण टेकली एकदाही नाहीत. मी म्हणायची, बाबा, एकदाच. तुम्ही म्हणायचात, "जयंतीले. तवालोक नाही."

नवव्या दिवशी आई पाण्याला गेली होती. मी डब्यावर चढले आणि सगळ्यात जाड तार ओढली. यंत्राला जोडलेली नव्हती, आवाज असा फार नव्हताच, पण खालची पत्र्याची कोठी किती वेळ थरथरत होती. वळून पाहिलं तर दारात तुम्ही. जेवणाचा डबा विसरला होता, म्हणून परत आला होतात. मारलं नाहीत. ओरडलाही नाहीत. "झालं तुहं मन?" म्हणालात. मग गोधडी सारखी करता करता म्हणालात, "आता थे जुनी झाली." आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. मी आयुष्यात पुष्कळ बोलणी खाल्ली, हेडमास्तरांची, अधिकाऱ्यांची, लग्न का करत नाहीस म्हणून नातेवाइकांची. त्यांतलं एक वाक्य आठवत नाही. तुमचं ते चार शब्दांचं वाक्य आठवतं.

जयंतीच्या सकाळी तुम्ही विहारात पहिला सूर लावलात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो पहिला नाही हे तुम्हाला ठाऊक होतं आणि मला. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. संध्याकाळी गावात स्टेज. तुमच्या बेसचा आवाज मोठा करणारा वेगळा डब्बा होता, तुम्हीच जोडलेला, आणि मी नेहमीप्रमाणे स्टेजच्या मागे त्याच्याशेजारी सगळ्यांच्या चपला सांभाळत बसले होते. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी वर्गातल्या पोरी तिथे आल्या. एकीनं तुमच्यासारखी मान हलवून धुम धुम करून दाखवलं. "तुह्या बापाले याच्याबिगर काही येत नाही का वं?" बाकीच्या हसल्या. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला तुमचा. दोन दिवसांचा साचलेला होताच. पहिलं गाणं सुरू झालं आणि मी हात लांब करून डब्ब्याचं आवाजाचं बटन पार डावीकडे फिरवून टाकलं. कार्यक्रम संपेपर्यंत परत फिरवलं नाही.

त्या कार्यक्रमाची साउंडवाल्यानं कॅसेट भरली. तुमच्या पार्टीची तेवढी एकच कॅसेट आहे. मी ती मोबाइलमध्ये करून घेतली आहे. गायक आहे, पेटी आहे, ढोलकी आहे, कुणाचं तरी लेकरू रडतं तेही आहे. तुम्ही नाही. तुमच्या माघारी गिटार पार्टीनं नेली, पुढे पार्टी मोडली, आणि ती कुणाकडे गेली ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून मी या शोधत असते, बाबा. जिचा पहिला आवाज अजून आतच आहे, अशी. तुमचा पहिला मी घेतला, तो मला परत द्यायचा आहे. आता घ्यायला तुम्ही नाहीत हे काय मला कळत नाही? पण मी स्वतः छेडली तर पुन्हा तेच केल्यासारखं होईल. मग त्या चौघी तुमच्या खोलीत भिंतीला टेकून उभ्या राहतात आणि मी रविवारी त्यांच्यावरची धूळ पुसते.

या रविवारी मात्र धूळ पुसली नाही. चौथीला तारा लावल्या, कशा लावायच्या ते मोबाइलवर बघून, सूर न जुळवता नुसत्या ताणून, आणि तिला घेऊन रिठदला गेले. तुमचे ढोलकीवाले काका तिथे लेकाकडे असतात. पार्टीतले तेवढेच उरले आहेत. वाशीमला गाडी बदलली. शेवटच्या बाकावर ती गुडघ्यांत धरून बसले होते. मनात पक्कं केलं होतं, की काकांच्या हातून तुमच्या नावानं पहिली तार वाजवून घ्यायची, म्हणजे हे एकदाचं संपेल.

काका खाटेवर बसून होते. ऐकायला कमी येतं, पण मला ओळखलं. गिटारीवरून हात फिरवला. मी मोठ्यानं म्हटलं, काका, एकदा वाजवा. त्यांनी हात मागे घेतला. "मले नको सांगू, माय. हे तुह्या बापाचं काम व्हतं. माह्या हाताले ढोलकीच समजते."

मग मी त्यांना बटनाचं सांगितलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी. काका बोळक्या तोंडानं हसले.

"थे तं मले मालूम हाय. दुसऱ्याच गाण्याले मी तुह्या बापाले म्हटलं, तुहा डब्बा बंद दिसते, उठून पाहू काय? म्हने, राहू दे. मागं पोट्टी बसली हाय. आता पाह्यलं तं सारे तिच्यावर धावतीन."

"मग?"

"मंग काय? वाजवत राह्यला. एक गानं सोडलं नाही. मी बाजूले व्हतो, मले तारेची खटखट ऐकू ये." मग गिटार माझ्याकडे सरकवत म्हणाले, "काहून? तुले घरी बोलला नाही काय?"

नाही बोललात. मी परतीच्या गाडीत तेच आठवत होते, दुसऱ्या दिवशी तुम्ही मला काय म्हणालात. काही आठवत नाही. रोजच्यासारखाच दिवस असणार, रोजच्यासारखेच जेवून दुकानात गेला असणार. आणि खरं सांगू, मला तुमचा रागच आला. तार ओढली तर दोन दिवस अबोला धरलात, आणि हे एवढं केलं त्याचं काहीच नाही? एक थोबाडीत मारली असती तर मी रडून मोकळी झाले असते. मी म्हातारी व्हायला आले, बाबा, आणि तुम्हाला ते दुसऱ्याच गाण्याला कळलं होतं. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, काय दुखून राह्यलं? मी म्हटलं, दाढ.

गिटार तशीच घरी आणली. पुन्हा तारा सैल केल्या आणि बाकीच्या तिघींजवळ उभी केली. हे पत्र तिच्याच पेटीत टाकून देईन, दुसरा पत्ता नाही माझ्याकडे.

मघाशी नागपूरच्या त्या गृहस्थांचा फोन आला होता, ज्यांच्याकडून ही घेतली. त्यांचं दुकान कधीच बंद झालं, म्हातारे आहेत, बोलायला माणूस हवा असतो त्यांनाही. म्हणाले, "काय मॅडम, वडिलांना आवडली का? द्या त्यांना फोन, दांडीचा ताण कसा ठेवायचा ते सांगतो." मी म्हटलं, दुकानात गेलेत, येतीलच एवढ्यात. विकणाऱ्या चौघांनाही मी असंच सांगितलं आहे, वडिलांसाठी घेते म्हणून. आधी वाटायचं, जास्त चौकशा नकोत म्हणून सांगते. तसं नाही. येतीलच एवढ्यात, असं म्हणायला मला बरं वाटतं.