शाहबादी फरशी, काळ्या चकत्या आणि मी

मी, सिद्धेश्वरी महादेवप्पा बिराजदार, वय ७६, निवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार सोलापूर, कोणाच्याही दडपणाविना, पूर्ण शुद्धीत ही अखेरची व्यवस्था लिहून ठेवते. शुद्धीबद्दल मुलगा गुरुराज याला शंका आहे. सबब डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

राहते घर व बँकेतील ठेव गुरुराजला मिळावी. स्वयंपाकघरातील शाहबादी फरशी त्याने खुशाल बदलावी. तिच्यावर मला एकदा झाडासारखी काळी नक्षी दिसली आणि मी थेट वर्तमानपत्रात जाहीर केले, की हे प्राचीन शैवाल आहे. भूशास्त्राचे एक प्राध्यापक आले, भिंग लावून म्हणाले, "बाई, हे मँगनीज. फटीत पाणी झिरपून उमटलेला डाग." फोटोग्राफर शेजारीच उभा होता. तेव्हापासून मी गावभर शेवाळबाई. ती फरशी काढून त्या प्राध्यापकांना पोचती करावी. ते बरोबर होते, हे मी त्यांना अद्याप माफ केलेले नाही.

सूक्ष्मदर्शक सून राजनंदिनीला. त्याला डोळा लावून "पुढं काय झालं?" असे विचारणारी या घरात ती एकटीच.

आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे मला पुरावे. जीवाश्म होण्याची आशा धरलेली नाही. त्याला नशीब लागते.

आता तो दगड. माझ्या यजमानांचे फरशीचे दुकान होते. एकदा त्यांच्यासोबत खाणीवर गेले असता पापुद्र्यासारख्या दगडावर मला काळ्या गोल चकत्या दिसल्या. या खेपेस खात्री वाटली, म्हणूनच घाबरले. दगड कपाटात साड्यांखाली ठेवला.

"दाखव की कुणाला तरी," हे म्हणाले.

"पुन्हा हसं करून घेऊ?"

"मग मी नेतो."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"कायबी न्हाय. मग मला कोण हसणार?"

फुटू नये म्हणून दगड शेंगाचटणीच्या डब्यात खुपसून हे रेल्वेने संशोधन संस्थेत गेले. तिथल्या लोकांना आधी तेल धुवावे लागले.

फोन आला तेव्हा हे शेवटच्या आजारात दवाखान्यात होते. "शैवालच आहे, मॅडम. ऐंशी-नव्वद कोटी वर्षांपूर्वीचं. प्राणी अजून यायचे होते, पण पेशी एकत्र नांदून मोठी शरीरं घडवायला लागल्या होत्या." मी फोन यांच्या कानाला लावला.

"लई जुना माल निघाला की," हे म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "आता तू हास."

मी रडले. तेवढेही धड जमले नाही.

दगड संस्थेतच राहावा. मात्र त्याच्या पाटीवर फक्त माझे नाव आहे. यांचे घाला म्हणून अनेकदा विनवले; "दगड पोचवणारा संशोधक नसतो," असे उत्तर आले. जिवंत बाईची भीड कोणी ठेवली नाही, मेलेलीची ठेवतील. राजनंदिनीने हे मृत्युपत्र घेऊन स्वतः जावे, आणि महादेवप्पा बिराजदार हे नाव माझ्या वर लिहिल्याशिवाय तिथून उठू नये.

वरील सर्व वाचून, समजून सही केली.

सिद्धेश्वरी महादेवप्पा बिराजदार

साक्षीदार:
१. शिवबाई म्हमाणे, शेजारीण
२. संगप्पा हत्तुरे, निवृत्त मुख्याध्यापक

सोलापूर, दि. १४ जुलै २०२५