चहाची वीस मिनिटं

२ मार्च १९५३, सोमवार

हिल्डाच्या गळ्याची कातडी पुन्हा फुटली. क्ष-किरण थांबवले. गाठ मात्र आहे तिथेच, अक्रोडाएवढी. नर्स म्हणाली, "आणखी दिले तर कातडीच उरायची नाही. नाही दिले तर गाठ हलायची नाही." एवढं बोलून ती पुढच्या खाटेकडे गेली.

हिल्डा तळमजल्यावरच्या वॉर्डात, मी तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत. खाली माझ्या धाकट्या बहिणीवर किरण सोडतात, वर मी जंतूंवर सोडते. जंतूंचं बरं चाललंय!

आमच्या प्रयोगशाळेच्या पेलोसाहेबांचा क्षार पाण्यात घातला की जंतू तिप्पट किरण सोसतात. तीन वर्षं मीच मोजतेय, एकदाही चुकलेलं नाही. आता तोच क्षार रोग्याच्या कातडीत टोचायचा, म्हणजे कातडी तगेल आणि खालच्या गाठीवर हवे तितके किरण सोडता येतील. ईस्टरनंतर सुरुवात. यादीत पहिलं नाव हिल्डाचं. मीच मागे लागून घालायला लावलं. मला दुसरं कोणीही नाही.

५ मार्च, गुरुवार

टॉफी नेली होती. मिठायांचं रेशन उठल्यापासून सगळं गाव टॉफी चघळतंय, आणि हिला गिळवत नाही. कागद उलगडून नुसता वास घेते.

"विनी, कधी गं मिळणार तुझं औषध?"

"माझं नाही, डॉक्टर पेलोंचं."

"मोजलंस तू ना? मग तुझंच."

६ मार्च, शुक्रवार

दिवसभर काचेच्या बश्यांत उगवलेले जंतूंचे ठिपके मोजले. एक ठिपका म्हणजे एक वाचलेला जंतू. डोळे गेले.

११ मार्च, बुधवार

चहावाल्या मिसेस क्लेगचा पाय मुरगळला. चहाचा गाडा आलाच नाही! मजल्यावर सुतक असल्यासारखं वातावरण.

एरवी साडेदहाला तिची घंटा वाजली की राणीसुद्धा आम्हाला थांबवू शकणार नाही. बिनक्षाराच्या साध्या नळ्या तोवर किरणांच्या यंत्राखालून काढलेल्या असतात, क्षाराच्या नुकत्याच कालवून ठेवलेल्या. मी जरा रेंगाळले की ती व्हरांड्यातून ओरडते, "अगं बाई, तुझे जंतू काही पळून जात नाहीत! चहा निवतोय इकडे!" मग वीस मिनिटं चहा, बिस्किट, चहाड्या. साहेबसुद्धा कप घेऊन उभे असतात. परत येऊन क्षाराच्या नळ्या यंत्राखाली. तीन वर्षं हाच क्रम.

आज घंटा नाही, म्हणून नळ्या कालवल्या तशाच यंत्राखाली ठेवल्या. काम लवकर आटपलं, डोकं मात्र ठणकतंय.

१२ मार्च, गुरुवार

बश्या रिकाम्या. क्षाराचे जंतू साध्यांसारखेच मेले. तोलण्यात माझीच चूक असणार. पुन्हा केलं. अर्ध्या नळ्या लगेच यंत्राखाली, अर्ध्या वीस मिनिटं ठेवून. आणखी दोन मुद्दाम, वीस मिनिटं हवेचे बुडबुडे सोडत ठेवून. का केलं ते नीट सांगता येणार नाही. भीती वाटली म्हणून केलं.

१३ मार्च, शुक्रवार

लगेच ठेवलेले — मेले. वीस मिनिटं थांबलेले — जगले. बुडबुड्यांतले — मेले!

क्षार कसलं रक्षण करतोय? क्षार म्हणजे जंतूंचं जेवण. वीस मिनिटं ते तो खातात आणि खाता खाता नळीतली हवा संपवतात. हवा नसली की किरण जिव्हारी लागत नाहीत. बस्स, एवढंच. आम्ही चहा पीत होतो म्हणून ते वाचत होते.

आणि कातडीत तर रक्त खेळतंय. क्षणाक्षणाला नवी हवा. तिथे हा क्षार टोचला काय आणि पाणी टोचलं काय!

तीन वर्षांच्या वह्या चाळल्या. तारीख आहे, तापमान आहे, वजनं आहेत. चहा कुठेही नाही. चहा कोण लिहितं?

साहेब दारात आले. "काय मिस गार्साइड, चेहरा का उतरलाय?" मी म्हटलं, "काही नाही, सर्दी."

१५ मार्च, रविवार

साहेबांना सांगायला हवं. सांगितलं की हिल्डाच्या हातातलं शेवटचं तेही मीच काढून घेणार. ईस्टरला तीन आठवडे आहेत. तीन आठवडे तिला आशेवर राहू दे. मी भित्री आहे, दुसरं काही नाही.

१६ मार्च, सोमवार

वॉर्डात गेले नसते, पण गेले. हिल्डा चक्क खुशीत! गळ्याला माझा निळा रुमाल बांधलेला. औषधाचं विचारेल म्हणून जीव मुठीत धरून बसले होते, तर तिने विषयच काढला नाही. सुटले!

"शनिवारी लवकर ये हं," म्हणाली. शनिवारी माझा वाढदिवस. बेचाळीस. "काय आहे शनिवारी?" — "खोदून खोदून विचारू नकोस गं, म्हातारे."

१७ मार्च, मंगळवार

सांगितलं. तिच्या हसण्याने राहवलं नाही.

"चहामुळे?" साहेब म्हणाले. "मिस गार्साइड, तुम्ही मला चहामुळे म्हणताय?"

आधी लालबुंद झाले, मग कोट काढून, बाह्या सारून स्वतः नळ्या कालवायला बसले. साडेदहाला मिसेस क्लेग लंगडत आली, घंटा वाजवली. कोणी उठलं नाही. "मेलंय का काय कोणी?" म्हणाली.

१८ मार्च, बुधवार

साहेबांचंही माझ्यासारखंच आलं. साहेबांनी बश्या तीनदा मोजल्या. मला वाटलं ओरडतील. ते नुसते पांढरे पडले. "हे तुम्हाला कधी कळलं?" मी खरं सांगितलं — शुक्रवारी.  मग म्हणाले, "मी वॉर्डात जाऊन येतो." आलेच नाहीत. कोट इथेच खुर्चीवर आहे.

१९ मार्च, गुरुवार

हिल्डाला सोमवारीच दिलं. क्षार टोचून, दुप्पट किरण. ईस्टरपर्यंत थांबवत नाही म्हणून ती साहेबांना रोज चिठ्ठ्या पाठवत होती. मला कळू द्यायचं नाही, वाढदिवसाची भेट म्हणून, असं दोघांचं ठरलं होतं.

आज तिने रुमाल सोडून दाखवला. भाजलेलं वर यायला पंधरा दिवस लागतात.

"बघ, काही नवीन झालं नाही! लागू पडलं ना गं, विनी?"

मी हो म्हटलं.