अजून अर्धा पीळ

४ एप्रिल, सकाळी
हिला हॉस्पिटलमधून सोडलं. खुब्याचं ऑपरेशन झकास झालं म्हणे. पण ही घरी न येता परस्पर बहिणीकडे गेली. कारण काय, तर आमचा पॅसेज. बेडरूमपासून बाथरूमपर्यंत धरायला काही नाही आणि वॉकर मधेच अडकतो. पडली होती तीही तिथेच. म्हणाली, भिंतीला धरायला दांडा लावा, मग येते. एवढंच ना? एक स्टीलचा पाइप, चार स्क्रू. चिरंजीव म्हणाला, बाबा, सुतार बोलावतो. मी म्हटलं, बस डेपोत फिटर म्हणून जन्म गेला माझा, एका दांड्याला सुतार कशाला? उद्या जेवणाआधी काम खलास. हिला फोन करून सांगितलं, बॅग भरून ठेव.

५ एप्रिल
जेवण झालं. काम नाही. दोष भिंतीचा. फ्लॅट घेतल्यावर चिरंजीवाने मधली विटांची चांगली भिंत पाडून ही जिप्समची घातली. जागा वाचते म्हणे. चार बोटं जागा वाचली आणि भिंत गेली. ठोकली तर रिकाम्या डब्यासारखी वाजते. ड्रिल टेकवतोय तोवर आरपार. प्लास्टिकचा प्लग घातला, हातोडीची एकच दिली, तर गेला आत आणि भिंतीच्या पोटात खाली पडला. पडल्याचा आवाज आला. दुसरा घातला. तो पहिल्याच्या सोबतीला गेला. सूनबाईने पांढरी पावडर झाडून काढली. बोलली काही नाही. झाडू बोलत होता.

६ एप्रिल
हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, भिंत कसली? म्हटलं, घराची. म्हणाला, तसं नाही आजोबा, जिप्सम बोर्ड असेल तर दांड्याला असे प्लग चालायचे नाहीत. माणूस सगळा भार टाकणार. एकतर बोर्ड ज्यांवर ठोकलाय ते मागचे उभे लोखंडी चॅनेल शोधून त्यात स्क्रू धरा, नाहीतर बोर्ड कापून आत जाड प्लायवूड बसवा. काय तर म्हणे बोर्ड कापा. एका दांड्यासाठी घर फाडायचं? हल्ली कुणाला सरळ काम करायलाच नको. मी म्हटलं, जाड प्लग दे. त्याने बोर्डात पिळून बसणारे मोठ्या आट्यांचे प्लग दिले. वर सांगितलं, याला फोटो टांगा, घड्याळ टांगा, माणूस टांगू नका. आगाऊ आहे. आणि आजोबा कुणाला म्हणतो?

७ एप्रिल, दुपारी
बसले! चारही प्लग बोर्डात घट्ट. दांडा लावला, स्क्रू पिळले. हलवून पाहिलं, जागचा हलेना. हिला फोन केला की झालंय, फक्त फिनिशिंग बाकी. ही म्हणाली, नक्की ना? म्हटलं, शंका कसली घेतेस.
फिनिशिंग म्हणजे शेवटचा पीळ. डेपोत आमच्या उस्तादाने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, नट घट्ट झाला की अजून अर्धा पीळ. चाक रस्त्यात निसटलं तर माणसं मरतात. माझ्या हातचं एक चाक कधी निसटलं नाही.

७ एप्रिल, संध्याकाळी
अर्धा पीळ दिला. प्लग बोर्डातल्या बोर्डात गरागरा फिरायला लागले. एकेक करून सगळे. आता स्क्रू ना पुढे जात ना मागे येत. शेवटी दांडा उपटून काढला आणि प्लग आत ढकलून दिले. मालच हलका. दुकानदाराने मुद्दाम दिला असणार.

१० एप्रिल
हिचा फोन. ती स्वयंपाकघरापर्यंत एकटी जायला लागली आहे. तिकडे विटांच्या भिंती आहेत, खिडक्यांना गज आहेत, काहीही धरावं. फिनिशिंग झालं का, विचारत होती. म्हटलं, रंग वाळतोय. रंग लावलेलाच नाही, पण कधीतरी लावावा लागणारच, तेव्हा खोटं असं नाही.

११ एप्रिल
दुसऱ्या दुकानात गेलो. तिथे पंखवाला बोल्ट मिळाला. भोकातून आत सारला की पलीकडे पंख उघडतात आणि पाठीमागून बोर्ड धरून ठेवतात. ही खरी अक्कल. या दुकानदाराने पण चॅनेलचं पुराण काढलं. फ्रिजवरचं चुंबक भिंतीवर फिरवा म्हणाला, जिथे चिकटेल तिथे चॅनेल. फिरवलं. चिकटलं, पण दांडा हवा तिथे नाही, जरा बाजूला. दांडा काय चुंबकाच्या मर्जीने लावायचा? मी डोळ्याने मध्य धरला. चिरंजीव म्हणाला, बाबा, निदान भोकं तरी मोजून पाडा. हा कॉम्प्युटरवर बोटं आपटून पगार घेतो आणि मला भोकं शिकवतो.

१२ एप्रिल
पंख उघडले. दांडा असा बसला की मी स्वतः लोंबकळलो. चिरंजीवालाही ओढायला लावलं. मग पाना घेऊन फक्त अर्धा पीळ.
पंखांनी आतून बोर्ड चावून ताटाएवढा तुकडा बाहेर काढला. दांडा माझ्या पायावर. भोकातून पलीकडच्या बोर्डाची पाठ दिसते आणि खाली सगळे जुने प्लग दिसतात, गावच्या पारावर बसल्यासारखे. तात्पुरतं कॅलेंडर लावलं. टेपने. पायाचा अंगठा काळा झालाय, त्यावर कॅलेंडर लावता येत नाही.

१५ एप्रिल
चिरंजीव आणि सूनबाई पॅसेजमध्ये हळू आवाजात बोलत होते. मी आलो तसे आत निघून गेले. त्यांना लाज वाटत असणार, अशी भिंत घातल्याची.

१९ एप्रिल, रविवार
मी केस कापायला गेलो होतो. परत येतो तर चिरंजीव मोबाइलवर व्हिडिओ लावून बोर्ड कापत बसलाय. ज्याने घरचा बल्ब कधी बदलला नाही तो. दोन चॅनेलच्या मधे जाड प्लायवूड बसवलं, चॅनेलला पिळलं, वर बोर्डाचा नवा तुकडा, दांड्याच्या दोन्ही टोकांना दोन-दोन स्क्रू. सूनबाई टॉर्च धरून. संध्याकाळी दोघं लोंबकळले, हूं की चूं नाही.
मुळात आयडिया माझीच. दांडा लावायचं मीच ठरवलं होतं. मी म्हटलं, ठीक आहे. चिरंजीव म्हणाला, बाबा, आता याला हात लावायचा नाही. मी हसलो. पोरकटपणा.
हिला त्यानेच फोन केला. शनिवारी येते म्हणाली. हिचा आवाज एकदम मोकळा झाला होता.

२५ एप्रिल, शनिवार, सकाळी
चिरंजीव गाडी घेऊन आणायला गेला. सूनबाई बाजारात. घरात मी एकटा. दांडा हलवून पाहिला. ठीक वाटला. पण ठीक म्हणजे काय? ही त्यावर सगळा भार टाकणार. पोरगं व्हिडिओ बघून शिकलेलं, त्याला शेवटचा पीळ कोण सांगणार? माणूस माझं आहे, चिरंजीवाचं काय जातं? हां, आई आहे त्याची. तरी.
पाना काढला.
कटकन आवाज आला आणि बाथरूमकडच्या टोकाच्या स्क्रूचं डोकं हातात. हलका माल. दुसऱ्याला जोर सांभाळून दिला. त्याचंही डोकं आलं.
घाबरण्यासारखं काही नाही. दोन्ही डोकी गमने परत चिकटवली, दिसायला अगदी तशीच. दुसऱ्या टोकाचे स्क्रू धडधाकट आहेत. दांडा एकच, एक टोक धरलेलं असताना दुसरं जाणार कुठे? बसचं चाकसुद्धा एखाद्या नटाशिवाय डेपोपर्यंत येतं. सोमवारी चिरंजीव ऑफिसला गेला की नीट करतो. खाली गाडी आली.

२५ एप्रिल, दुपारी
ही आली. सोबत मेहुणी. मी म्हटलं, आधी बस, चहा घे. नाही, आधी पॅसेज बघते म्हणाली. वॉकर भिंतीशी उभा केला, दांडा धरला आणि चालायला लागली. छान चालत होती. केस कापलेले बरे दिसतात म्हणाली मला, मागे वळून.
बाथरूमशी पोचताना टोक सुटलं. दांडा हातात घेऊन ही आडवी जायची, पण मेहुणी मागेच होती, तिने कमरेला धरलं. दोघी भिंतीवर आदळल्या. भिंतीला काही झालं नाही, म्हणजे भिंत तशी चांगली आहे. हिचं कोपर खरचटलं, बाकी काही नाही.
स्क्रूची डोकी, गम लागलेली, फरशीवर घरंगळत हिच्या पायाशी गेली. तिने ती पाहिली. ओरडली नाही. मला वाटलं ओरडेल.
म्हणाली, “तुम्ही हात लावलात ना?”
मी म्हटलं, तपासलं फक्त.
“तुटलंय हे कळलं होतं तुम्हाला. मला चालू दिलंत.”
चिरंजीव माझ्याकडे बघत होता. मी हार्डवेअरवाल्याबद्दल सांगायला लागलो, पण कुणाचं लक्ष नव्हतं. हिने चहा घेतला नाही. बॅग गाडीतून वर आलीच नव्हती. मेहुणीला म्हणाली, चल.

२८ एप्रिल
एका अर्थी बरं झालं. ही नसताना काम शांतपणे होतं.

२ मे
चिरंजीवाने सुतार आणला. दांडा पुन्हा लागला. माझी टूलबॉक्स गाडीच्या डिकीत आणि किल्ली चिरंजीवाकडे. पाने सर्व्हिसिंगला न्यायचे असतील.
हिला फोन केला, झालंय म्हणून. मेहुणीने उचलला. झोपली आहे म्हणाली. सकाळचे दहा.

६ मे
आज फोनवर ही स्वतः बोलली. राग अजिबात नाही. खुबा कसा आहे विचारलं, बरा म्हणाली. पॅसेजचं काही विचारलं नाही, म्हणजे विश्वास बसला. पुढच्या आठवड्यापर्यंत नक्की येते, मला आवाजावरून कळतं.
कपाटातले कपडे पाठवायला सांगितलेत. थोडे नाही, सगळे. तिकडे वाळायला जागा नसेल. चष्म्याचं जुनं घर, उशी. सूनबाई बॅगा भरते आहे, मी यादी वाचून दाखवतोय.
स्वेटर पण मागितलाय. इथे पंख्याखाली घाम पुसतोय मी. हिला पहिल्यापासून थंडी लवकर वाजते.