भेग बंद आहे

३ मार्च
मीटिंग गाजवली. जमिनीखालच्या जुन्या, रिकाम्या साठ्यात आम्ही पुन्हा गॅस भरतोय. त्याच्या कडेला भ्रंश आहे, म्हणजे खडक तुटून सरकल्याची भेग. सरकताना तिच्यात चिकणमाती चोळली गेली, सुतार फटीत लांबी भरतो तशी. म्हणून गॅस पलीकडे जात नाही. मोठ्या साहेबांनी विचारलं, दाब वाढवला तरी? म्हटलं, पलीकडे आमची कॉलनी आहे, मी बायको-मुलीसकट तिथेच राहतो, आणखी काय पुरावा हवा? टाळ्या. उद्यापासून रोज सकाळी चालायला जाणार. नक्की.

९ मार्च
चालणं राहिलं. कॉलनीतल्या तपासणी विहिरीत, म्हणजे गॅस झिरपतोय का ते बघायच्या बोअरमध्ये, दाब वाढतोय, असं ऑपरेटर म्हणतो. ती भेगेच्या पलीकडे, आमच्या घरांच्या बाजूला. तिथला काटा हलताच कामा नये. म्हणजे दाब मोजायचं गेज बिघडलंय. बदलायला सांगितलं.

१४ मार्च
नवं गेजही बिघडलेलं. स्टोअरवाल्याला झापलं. तिसरं मागवलं.

१५ मार्च, सकाळी
चालायला गेलो! कॉलनीमागच्या तळ्यात बुडबुडे. बेडूक असावेत. काठचं गवत पिवळं पडलंय. माळी कामचुकार. उद्यापासून चालणं बंद, गुडघा दुखतोय.

२१ मार्च
बायकोला म्हटलं, मुलीला घेऊन आईकडे जाऊन ये, हवापालट होईल. म्हणाली, माझ्या आईचा एवढा पुळका कधीपासून? दोघी गेल्या. याचा भेगेशी काही संबंध नाही. हल्ली मी खिडक्या उघड्या ठेवतो. ताजी हवा चांगली. चहा कँटीनमध्येच घेतो. तिथला बरा असतो.

२६ मार्च
दाब आणखी वाढवायचा विषय निघाला. मोठ्या साहेबांनी विचारलं, कुटुंब कॉलनीतच ना? म्हटलं, हो. अगदीच खोटं नाही, कपडे आहेत त्यांचे कपाटात. सही केली. तारीख चुकीची घातली. झोप कमी झाली असेल.

३० मार्च
तिसरं गेजही तेच दाखवतंय. तिन्हींची एकच चूक. विचार करण्यासारखं आहे. सोमवारी करू. शेजारच्या काकू म्हणाल्या, तपासणी विहिरीवर बांधलेल्या खोलीत उंदीर मरून पडलेत. म्हटलं, बरं झालं की, पीडा गेली.

२ एप्रिल, सकाळी
बायको परत आली, मुलीला घेऊन. मोठ्या साहेबांच्या मिसेसनी फोनवर माझं कौतुक केलं म्हणे, केवढा विश्वास, बायकापोरांना तिथेच ठेवलंय! बायको म्हणाली, तुम्ही छातीठोकपणे सांगताय तर आम्ही तिकडे कशाला पडून राहायचं? चहा टाकते. आणि तिने लायटर उचलला.

मी ओरडलो, पेटवू नकोस!

लायटर तिच्या हातात तसाच राहिला. तिने उघड्या खिडक्यांकडे पाहिलं. मग मुलीला म्हणाली, बूट काढू नकोस. दारातून वळून मला विचारलं, काकूंना सांगितलंत?

नाही सांगितलं. कुणालाच नाही. अकराच्या मीटिंगची स्लाइड तयार आहे, भेग बंद आहे. मला भीती वाटतेय. लिहूनच टाकतो, इथे कोण वाचणार आहे.

पायरीवर बसलोय. काकूंकडे जायचंय, पण कोणत्या तोंडाने सांगू ते सुचत नाही.

आत्ताच त्यांच्या कुकरची शिट्टी झाली.