मामांनी दहापट मोठ्या कापलेल्या खाचा

ती. मामांना,

भाचीचा नमस्कार, या वेळी नेहमीपेक्षा जरा जास्त वाकून. तुमचा गुडघा कसा आहे? शेक घेता, की मशीनसमोर उभं राहिलं की आपोआप बरं वाटतं हेच जुनं औषध चालू आहे? इकडे आम्ही ठीक. आई माझ्याशी बोलत नाही, पण तब्येतीने ठणठणीत आहे. गेल्या आठवड्यात फोनवर मी तुम्हाला काय म्हणाले ते मामींकडून तिच्यापर्यंत पोचलं. (तुमचा फोन स्पीकरवर होता हे मला कोणी सांगितलं नव्हतं.)

"काम कळत नसेल तर हातात घेऊ नये," असं मी चाळीस वर्षं मिलिंग मशीन चालवलेल्या माणसाला म्हणाले. पण माझीही बाजू ऐका. आमच्या प्रयोगशाळेत दोन प्लेटांच्या फटीतून पाणी सोडतात आणि भिंतीला खाचा पाडल्या तर काय होतं ते बघतात. मी मागितल्या होत्या दोन-दोन मिलिमीटरवर बारीक खाचा, पाण्याच्या वाटेला समांतर. त्या नीट दिसाव्यात म्हणून ड्रॉइंगच्या कोपऱ्यात दहापट मोठ्या करून दाखवल्या होत्या. तुम्ही तेच खरं माप धरलंत. तुमचा खोका उघडला तर आत साठ खाचांऐवजी सहा लाटा! आणि पाहणी समिती चार दिवसांवर.

सर म्हणाले, आता जे आहे ते लावा. लावलं. साध्या सपाट प्लेटमध्ये निळा रंग सोडला की तो पाण्याशेजारून सरळ रेषेत जातो, अबोला धरलेल्या जावांसारखा. एका घरात, पण एकमेकींत मिसळायचं नाही. तुमच्या प्लेटमध्येही आधी तसाच गेला. मग मी पंप किंचित वाढवला आणि रंग डुलायला लागला, वळसे घ्यायला लागला, आणि टोकाला पोचेपर्यंत सगळं पाणी एकसारखं फिकट निळं. त्याहून वाईट म्हणजे दाबाचा काटा खाली. तेवढंच पाणी ढकलायला सपाट प्लेटपेक्षा कमी जोर लागत होता. खाचांनी घर्षण वाढायचं सोडून कमी कसं होईल? कुठेतरी गळतंय, असं म्हणून मी टेबलाखाली शिरले. गळत नव्हतं. नळी सोडून बघितली, तेव्हा मात्र गळलं, सरांच्या पांढऱ्या शर्टावर. काटा बदलला, नवाही तेच सांगे. खाचांमुळे आतली जागाच वाढली असेल, अशी सरांनी शंका काढली (निळ्या शर्टातच), म्हणून झाकण खाली घेऊन जागा मोजून सारखी केली. तरी जोर कमीच. शेवटी दुसऱ्या वर्कशॉपकडून माझ्या मापाची बारीक खाचांची प्लेट आणली. तिने जोर जास्त घेतला आणि रंग जसाच्या तसा सरळ.

सरांनी समजावलं ते असं: खाचा रुंद असल्या की बहुतेक पाणी खोलगट भागातून मोकळं पळतं, भिंतीला कमी घासतं. पण पळणारं पाणी आणि शेजारचं रेंगाळणारं पाणी यांच्यात ओढाताण होते, आणि तिने प्रवाह डुलू लागतो, म्हणून मिसळतो. खाचा बारीक असल्या तर पाणी त्यांत शिरतच नाही, नुसतं अडखळतं.

समितीतल्या बाईंनी विचारलं, "ही रुंद खाचांची कल्पना कोणाची?" सर कौतुकाने माझ्याकडे बघायला लागले. मामा, मी होकारार्थी मान हलवली. नाही म्हणायला एक श्वास पुरला असता, तो मी घेतला नाही. दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी सरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं: ड्रॉइंग, फोन, मान हलवणं. त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "मामांचं पूर्ण नाव लिहून दे, समितीला पत्र पाठवतो." मला मात्र आठवडाभर टाकी घासायला लावली आहे. ती मी घासते आहे.

मामींना नमस्कार. आईला फोन कराल तर माझ्याबद्दल चार बरे शब्द सांगा, दोनही चालतील.

तुमची,
वाचाळ भाची

ता. क. वर एवढं लिहिलं, पण चुकले असं कुठेच म्हटलेलं नाही, हे आत्ता वाचताना दिसलं. चुकले, मामा.

ता. क. समितीतल्या बाई येत्या मंगळवारी तुमची प्लेट पुन्हा बघायला येणार आहेत. ती कपाटात जपून ठेवली आहे, असं सरांना वाटतं, आणि ते खरं आहे. फक्त ती आता दोन तुकड्यांत आहे. काल स्क्रू आवळताना माझा हात जरा जड पडला. तश्शीच दुसरी हवी आहे, सोमवारपर्यंत. तुम्ही अजून रागावलेले असाल, आणि असावंच, तर एवढं करा: प्लेट आधी पाठवा, मग सावकाश रागवा.