आपुलकीने झालेली मदत मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. क्षेत्राधिकारी (पोलीस),
नीलबाग मंडल कार्यालय, लखनौ.

अर्जदार : हरिहर दामोदर खांबेटे, निवृत्त शास्त्र शिक्षक, मूळ राहणार मिरज, हल्ली मुक्काम मुलाकडे, तेलीबाग, लखनौ.

विषय : अर्जदाराच्या मुलाला आपण आपुलकीने केलेली मदत मागे घेऊन त्याच्याविरुद्ध मारहाणीचा गुन्हा नोंदवणेबाबत व रामसजीवन मिस्त्रीची सुटका करणेबाबत.

संदर्भ : दि. ९ जून १९९६ रोजीची विश्वजित खांबेटे यांची फिर्याद, आणि त्याच संध्याकाळी आपण ठाण्यात अर्जदाराला मराठीतून दिलेला दिलासा.

महोदय,

१. सर्वप्रथम, हा अर्ज मराठीत का, याचा खुलासा. त्या संध्याकाळी ठाण्यात आपण अर्जदाराला बाकावर बसवून पाणी दिले आणि म्हणालात, "काका, घाबरू नका. मी साताऱ्याचा. आपली माणसं आहात, मिस्त्रीचं काय ते मी बघतो." परमुलखात आपली भाषा कानावर पडली आणि अर्जदाराच्या डोळ्यांत पाणी आले. मुलाने सांगितले ते आपण खरे मानलेत, यात आपला दोष नाही. परंतु ज्या भाषेत मदत झाली, त्याच भाषेत ती परत करावी, असे अर्जदारास वाटते.

२. अर्जदाराला उद्या साक्षीदार म्हणून सही करण्यास बोलावले आहे. हिंदीत तयार असलेल्या त्या जबाबात असे आहे की, मिस्त्रीने लोखंडी सळईने विश्वजितच्या कपाळावर वार केला आणि विश्वजितने केवळ स्वतःचा बचाव केला. अर्जदार त्यावर सही करणार नाही. त्याने जे पाहिले ते पुढे लिहिले आहे.

३. विश्वजित येथे बँकेत अधिकारी आहे. त्याने गेल्या वर्षी जुनी मोटार घेतली आणि तिला बाहेरून एसी बसवून घेतला. शहरात हा एसी उत्तम चालतो. मात्र लांबच्या रस्त्याला लागले की रायबरेलीच्या वाटेवरच्या बछरावां गावापुढे वारा मंदावत जातो, कोमट होतो आणि शेवटी बंदच पडल्यासारखा होतो. परत येऊन तेलीबागेतल्या रामसजीवनच्या गॅरेजात गाडी दाखवावी तर एसी पुन्हा थंडगार! मिस्त्रीने गॅस भरला, पट्टा बदलला, कंप्रेसर उघडून पाहिला. दर वेळी हात लावून म्हणायचा, "कुछ नहीं है साहब, वहम है।" विश्वजितला वहमी म्हटलेले लहानपणापासून सहन होत नाही. मिस्त्री चांगला भाग काढून खोटा बसवतो, असे त्याच्या मनाने घेतले. घरी जेवताना ताटावर मूठ आपटून म्हणायचा, "एक दिवस याचे हात तोडतो." अर्जदाराची सून देविका म्हणे, "अहो, जुईसमोर काय हे!" नात जुई अकरा वर्षांची आहे. ती ताट घेऊन स्वयंपाकघरात जाऊ लागली होती.

४. दि. ९ रोजी अर्जदाराची पत्नी लीलावती हिला संगमावर स्नानासाठी नेत होतो. गाडीत पाच माणसे, बाहेर पुरवाई, म्हणजे पूर्वेचा दमट वारा, सुटलेली, हवा घामट. रायबरेलीच्या पुढे एसीचा वारा गेला. काचा उघडू या म्हटले तर विश्वजित ओरडला, "काच उघडली की उरलेलं कूलिंगपण जातं! कोणी हात लावायचा नाही!" कोणी लावला नाही. थोड्या वेळाने लीलावतीची मान अर्जदाराच्या खांद्यावर पडली. तिचा हात गार लागला तेव्हा जुई किंचाळली. रायबरेलीला डॉक्टरांनी सलाईन लावून तिला शुद्धीवर आणले. मिस्त्रीच्या बाजूने अर्ज लिहीत असला तरी मुलाच्या रागाला कारण नव्हते असे अर्जदार म्हणत नाही. आईला निपचित पाहिलेला मुलगा होता तो.

५. परतताना एसी पुन्हा सुरू केला. मोहनलालगंजच्या अलीकडे वारा परत गेला. या वेळी अर्जदाराने लीलावतीच्या बाजूची काच स्वतः खाली केली. पण विश्वजितने एसीचे बटण बंद करू दिले नाही. "असाच नेतो. बिघडलेला दाखवतो. मग बघू काय म्हणतो." पुढे रेल्वेचे फाटक बंद होते. फाटकावर इंजिन बंद करून पेट्रोल वाचवायचे, ही आमच्या घरची शिस्त आहे. त्याने सवयीने किल्ली फिरवली. मालगाडी यायला बराच वेळ लागला. फाटक उघडले, इंजिन सुरू केले, आणि एसीतून बर्फासारखा वारा आला. विश्वजितने स्टिअरिंगवर कपाळ टेकले. तेव्हाच त्याला गाडी घराकडे घ्यायला सांगितले असते तर, हा विचार अर्जदार रोज करतो.

६. गॅरेजमध्ये रामसजीवनने गाडीच्या दारातून वाकून एसीच्या तोंडाशी पंजा धरला आणि भोवतालच्या मंडळींना ऐकू जाईल असे म्हणाला, "साहब, इसमें तो कुल्फी जमा लो! गरम एसी नहीं है, गरम आप हैं।" सगळे हसले. विश्वजित डिकीकडे गेला. अर्जदाराला वाटले, आईसाठी पाण्याची बाटली काढतो आहे. त्याने चाकाचे नट खोलायचा पाना काढला. मिस्त्री हसतच हात फडक्याला पुसत होता. पहिला घाव त्याच्या उजव्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज अर्जदाराने शाळेच्या मैदानावर ऐकलेला आहे. त्यात चूक होणे शक्य नाही. दुसरा घाव खांद्याच्या हाडावर. मिस्त्री खाली बसला तेव्हा तिसरा गुडघ्यावर. तो "अरे साहब, अरे साहब" एवढेच म्हणत होता. विश्वजित आपल्या मराठीत बोलत होता. ते शब्द अर्जदार येथे लिहीत नाही.

७. आता कपाळाच्या जखमेविषयी, कारण सारा खटला तिच्यावर उभा आहे. चौथ्या घावासाठी विश्वजितने पाना उचलला आणि पाऊल पुढे टाकले. गाडीखाली पाण्याचे थारोळे साचले होते, त्याखाली तेलकट सिमेंट. पाय सटकला आणि कपाळ उघड्या दाराच्या कडेवर आपटले. जखम तीच. मिस्त्रीच्या हातात सळई नव्हती, फडके होते. नंतर शेजारच्या दुकानांतली माणसे धावून आली. त्यांनी गाडीचे दिवे फोडले, विश्वजितला केसांना धरून ओढले आणि बरगडीत लाथा घातल्या. तीही मारहाणच होती आणि तीही नोंदवावी. अर्जदार मधे पडला तेव्हा त्याचा चष्मा गेला. म्हणजे आधीचे सर्व त्याने चष्म्यातून पाहिले आहे.

८. एवढे पाणी कुठून आले? साहेब, हा प्रश्न अर्जदाराला स्वस्थ बसू देईना. डॅशबोर्डाआड पातळ पत्र्यांची एक जाळी असते, तिला मिस्त्रीलोक कूलिंग कॉइल म्हणतात. तिच्यातून थंड गॅस फिरतो आणि पंखा तिच्यातून हवा लोटतो. जाळी पुरेशी गार झाली की थर्मोस्टॅट नावाचा खटका कंप्रेसरला विसावा देतो. हा खटका चिकटला तर विसावा मिळत नाही. मग हवेतला ओलावा जाळीवर गोठतो. घरातल्या फ्रीजमध्ये बर्फ साचून दार लागेनासे होते, तसाच. लांबच्या रस्त्यावर हा थर इतका चढतो की पत्र्यांमधल्या फटी बुजतात आणि हवेला वाट राहत नाही. आपण म्हणतो एसी गरम झाला, आणि आत बर्फाची लादी असते. इंजिन थोडा वेळ बंद राहिले की बर्फ वितळतो, पाणी नळीवाटे खाली येते आणि बिघाडाचा मागमूस राहत नाही. त्या दिवशी बराचसा बर्फ फाटकावर वितळला, उरलेला गॅरेजात. मिस्त्रीला जे दिसले ते तो सांगत होता. विश्वजितला जे सोसावे लागले ते तो सांगत होता.

९. हे पडताळल्याशिवाय लिहू नये म्हणून पुढल्या रविवारी, विश्वजित झोपला असताना, अर्जदाराने गाडीची किल्ली घेतली. बख्शी का तालाब येथील वायुसेनेत नोकरीला असलेले आमचे शेजारी नरेंद्र सबनीस यांनी गाडी चालवली. अर्जदार संध्याकाळी ओसरीवर गल्लीतल्या मुलांना शास्त्र शिकवतो. त्यांतली दोघे आणि जुई मागे बसली. बछरावांपुढे वारा मंदावला. गाडी थांबवली आणि सबनीसांनी डॅशबोर्डाखालचे झाकण उघडले. प्रत्येक मुलाने आत हात घालून पाहिला. जुई ओरडली, "आजोबा, ये तो पूरा फ्रीज़र बन गया!" मग तिचा चेहरा उतरला आणि ती मराठीत म्हणाली, "म्हणजे बाबांनी उगाच मारलं?" अर्जदाराने आजवर मुलांच्या कोणत्याही प्रश्नाला नंतर सांगतो म्हटलेले नाही. त्याने हो म्हटले.

१०. घरी येताच हे विश्वजितच्या कानावर गेले. त्याने तोच पाना घेतला आणि गाडीत शिरून डॅशबोर्डावर घाव घालू लागला. प्लास्टिकचे तुकडे अंगणात उडाले. जाळी फुटली, गॅस फुसकन बाहेर आला आणि त्याची बोटे गारठून पांढरी पडली. तरी तो थांबला नाही. खटका त्याने दगडावर ठेवून चेचला. मुले भिंतीला चिकटून उभी होती. अर्जदार पुढे गेला तेव्हा पाना त्याच्यावर उगारला गेला, आणि खाली आला नाही. विश्वजितने तो टाकून दिला. ही गोष्ट त्याच्या बाजूची आहे, ती अवश्य नमूद करावी. पाना वर्तमानपत्रात गुंडाळून या अर्जासोबत दिला आहे. त्याच्या खाचेतले रक्त मिस्त्रीचे आहे.

११. अर्जदार ठाण्यात तक्रार द्यायला गेला तेव्हा तेथील मुंशी, म्हणजे ठाण्याचे कारकून, म्हणाले, "मास्टर साहब, अपने ही बेटे के ख़िलाफ़? लू लग गई है आपको।" त्यांनी अर्जदाराला पंख्याखाली बसवले, सरबत पाजले आणि त्याला घरी नेण्यासाठी विश्वजितलाच फोन करून बोलावले. अर्जदार आरोपीच्या स्कूटरवर मागे बसून घरी आला. दुसऱ्या दिवशी येथील मराठी मंडळींनी सभा घेऊन परप्रांतात मराठी माणसावर झालेल्या हल्ल्याचा निषेध केला. विश्वजितला त्याच्या धैर्याबद्दल शाल-नारळ देऊन गौरवण्याचे ठरले आहे, आणि प्रास्ताविक अर्जदाराने करावे अशी विनंती आली आहे. घरी लीलावती अर्जदाराशी बोलत नाही. एकदाच म्हणाली, "मिस्त्री कोणाचा कोण! पोरगा माझ्या पोटचा आहे. त्याची नोकरी गेली तर तुमचं शास्त्र जुईला जेवायला घालणार का?"

१२. परवा मुले ओसरीवर बसली असताना मिस्त्रीची पत्नी सरला फाटकाशी आली. तिला आत बोलावले, ती आली नाही. तेथूनच म्हणाली, "मास्टर साहब, बच्चों को क्या पढ़ाते हो? आज का सबक़ मैं पढ़ा दूँ?" मग मुलांकडे वळून तिने सांगितले की तिच्या नवऱ्याचे मनगट उलट्या बाजूला वळून सुजले आहे, हात नुसता फडक्याच्या झोळीत आहे, आणि तुरुंगात तो डाव्या हाताने जेवतो. "पाना पकड़ेगा किससे?" असे तिने विचारले. मुले अर्जदाराकडे पाहू लागली. अर्जदाराने वर्ग सोडला. तो अजून भरलेला नाही. हे सारे मिटेपर्यंत अर्जदार त्या मुलांसमोर बसू शकत नाही.

१३. तरी विनंती की, (अ) रामसजीवनच्या हाताला आजच डॉक्टरकडून प्लास्टर करवावे. बाकीच्या गोष्टी नंतर झाल्या तरी चालतील, हाड थांबत नाही. (ब) त्याच्यावरील खोटा गुन्हा काढून त्याला सोडावे. (क) गुन्हा विश्वजित हरिहर खांबेटे याच्यावर नोंदवावा आणि अर्जदाराला त्यात साक्षीदार करावे. सबनीस यांनी बर्फाबद्दल जबाब देण्याचे कबूल केले आहे. आपल्याला शंका असल्यास दुसरी एखादी एसी गाडी आणावी, अर्जदार खटका अडकवून दाखवील. (ड) आपण आपले माणूस म्हणून जे केलेत, त्याबद्दल अर्जदाराला कृतघ्न समजू नये.

१४. विश्वजित सकाळी बँकेत जाण्यापूर्वी घरी असतो. दार अर्जदार उघडील. विश्वजित ओरडेल, बापाला नको ते बोलेल, कदाचित शिपायाचा हात झटकेल. तरीही त्याला कोणी मारू नये. अर्जदाराने त्याला लहानपणी कधी मारले नाही. ते चुकले की काय, हे आता सांगता येत नाही, पण त्याची भरपाई ठाण्यात होऊ नये. मिस्त्रीलाही कोणी मारले असेल तर ते थांबवावे. आरोपीकडून खरे वदवून घेण्याची जी रीत ठिकठिकाणी असते, ती अर्जदाराला ऐकून माहीत आहे. या दोघांपैकी कोणाकडूनही मारून काढून घ्यावे असे काही उरू नये, एवढ्यासाठीच अर्जदाराने इतके सविस्तर लिहिले आहे.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,

(सही)
हरिहर दामोदर खांबेटे
तेलीबाग, लखनौ
दि. २१ जून १९९६